सदतिसावा हप्ता

सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी बावीस वर्षं पगाराच्या टेबलावर होतो. निवृत्तीच्या समारंभात एकाने भाषण केलं, "यांनी हजारो लोकांना पगार वाटला." टाळ्या पडल्या म्हणून मी गप्प बसलो. पण खरं सांगायचं तर वाटणारा कॅशियर वेगळा होता. माझं काम कापण्याचं. हजेरी बघायची, पगार काढायचा आणि मग त्यातून काय काय कापता येईल ते कापायचं. प्रॉव्हिडंट फंड, विमा, कँटीन, उचल, गणपतीची वर्गणी. उरेल ते माणसाचं.

तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. हातभर लांब पगारपत्रक असे, त्यात उभे रकाने. डावीकडच्या रकान्यात माणूस मोठा दिसे, उजवीकडे जाईपर्यंत लहान होई. धुळ्याकडून आलेला मी मॅट्रिक झालेला माणूस. अक्षर चांगलं आणि बेरीज चुकत नाही, एवढ्या दोन गुणांवर शेठनं मला ठेवलं होतं. तिसरा गुण पुढे माझा मीच कमावला. कागद असल्याशिवाय मी काही करत नसे. त्याचा मला फार अभिमान होता.

या कपातींत शिक्षणाच्या कर्जाचा एक रकाना होता. सुरतेतल्या आपल्या खानदेशी लोकांची एक पतसंस्था होती, ती गरजू मुलांना शिकायला कर्ज द्यायची. मुलगा शिकला, नोकरीला लागला की संस्थेचं पत्र थेट मिलला यायचं, "सदर कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा इतके रुपये पुढील सूचना मिळेपर्यंत कपात करून पाठवावेत." पत्र आलं की त्याच महिन्यापासून मी कापायला लागे. एक कागद, एक शिक्का, संपलं.

पुढील सूचना मात्र येत नसे.

आमच्याकडे मधुकर नावाचा फिटर होता. आयटीआयसाठी त्यानं कर्ज काढलं होतं. दोनशे रुपयांचे छत्तीस हप्ते. छत्तीस झाले तसा तो माझ्याकडे आला.

"भाऊ, माझे हप्ते फिटले. या महिन्यापासून कापू नका."

"संस्थेचं पत्र आण."

तो संस्थेत गेला. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "तुमच्या मिलकडून हप्ता येतोय ना? मग खातं चालू आहे. चालू खात्याला ना-देणे दाखला कसा देऊ? आधी हप्ता थांबवा."

तो माझ्याकडे परत आला. मी म्हणालो, "दाखला आण, थांबवतो."

असे त्याने नऊ महिने काढले. दर महिन्याला मी दोनशे कापले आणि दर महिन्याला त्याला नियम समजावून सांगितला. शेवटी संस्थेच्या ऑडिटरला मधुकरच्या खात्यात उलटी बाकी दिसली, तेव्हा कुठे पत्र आलं. जास्त गेलेले पैसे परत मागायला मधुकर गेला तर व्यवस्थापक म्हणाले, अर्ज मिलकडून यायला हवा. आमचे अकाउंटंट जयंतभाई म्हणाले, पैसे त्याचे, अर्ज त्यानं करावा. वर्षभरानं संस्थेचा वार्षिक अहवाल छापून आला. त्यात देणगीदारांच्या यादीत मधुकरचं नाव होतं. उशिराचा दंड वजा जाता चौदाशे चाळीस रुपये, सप्रेम भेट. मधुकरनं तो अहवाल माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि कामावर गेला. मी हसलो होतो. ते हसणं मला आज आवडत नाही.

त्यानंतर आली सुनंदा.

प्लेगनं सुरत रिकामी झाली आणि पुन्हा भरली, त्यानंतरची ही एक-दोन वर्षं. सुनंदा आमच्या लॅबमध्ये होती. गिऱ्हाईक पार्टीनं साडीचा तुकडा पाठवला की त्या रंगाशी तंतोतंत जुळणारा रंग बनवायचा, हे तिचं काम. डोळा असा की दोन गुलाबी तुकडे आपल्याला सारखेच दिसत, आणि ती म्हणे, "यात पिवळा एक थेंब जास्त आहे." तिचे वडील लवकर गेले होते. तिला वाढवलं तिच्या मामानं. मामा बमरोलीला लूमवर होता. तिच्या डिप्लोमाच्या कर्जाला जामीन म्हणून त्याचीच सही होती. तीनशे रुपयांचे छत्तीस हप्ते.

तिसावा हप्ता कापून झाला त्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काका, शेवटचे तीन हप्ते तुम्ही कापू नका. मी स्वतः संस्थेत जाऊन भरते."

मी बावीस वर्षांत खूप मागण्या ऐकल्या. उचल द्या, हजेरी लावा, बायकोला कळू देऊ नका. पण हप्ता मी स्वतः भरते, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"तुला काय घाई? आपोआप जातात की."

"आपोआप जातात, पण पोचत नाहीत," ती म्हणाली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. मी कुठल्या तारखेला कापले ते एका बाजूला, आणि संस्थेच्या खात्यात ते कधी जमा झाले ते दुसऱ्या बाजूला. संस्थेत जाऊन तिनं तारखा उतरवून आणल्या होत्या.

मला ते माहीत होतं. पगार सात तारखेला होई, कपात त्याच दिवशी. पण संस्थेचा चेक जयंतभाई तीन महिन्यांनी एकदा काढत. "चेक फाडवानो पण खर्च थाय, भाई," असं ते म्हणत. चेकबुकाचं एक पान वाचे आणि तेवढे महिने कामगारांचे पैसे शेठच्या धंद्यात फिरत. संस्थेला मात्र ते ठाऊक नव्हतं. संस्थेच्या वहीत हप्ता उशिरा आला असं दिसे, आणि दर उशिराला महिन्यामागे दहा रुपये आकार लागे. तो आकार मुलाच्या नावावर. म्हणजे पैसे मिलनं दाबायचे आणि दंड सुनंदानं भरायचा.

"छत्तीस कापून झाले तरी त्यांच्या वहीत तेहेतीसच असणार," ती म्हणाली. "वर तीनशे तीस दंड. मग ते म्हणणार बाकी आहे, तुम्ही म्हणणार दाखला नाही. मधुकरभाईंचं झालं तसं. म्हणून आत्ताच थांबवायचं."

मी अर्ज लिहून घेतला आणि जयंतभाईंकडे नेला. त्यांनी तो चष्म्याखालून पाहिला.

"चालू करवानो कागळ आव्यो हतो ने?"

"हो."

"तो बंध करवानो कागळ पण आवशे. त्यां सुधी कापो."

बंद करायचा कागद येईपर्यंत कापायचं, हेच मी परत येऊन सुनंदाला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "काका, हे तुम्हाला बरोबर वाटतं?"

मी म्हणालो, "मला काय वाटतं त्याचा रकाना पगारपत्रकात नाही." या वाक्यावर मी दोन दिवस खूश होतो.

एकतीस, बत्तीस करत छत्तीस हप्ते कापून झाले. शेवटच्या तीन हप्त्यांचा चेक नेहमीप्रमाणे जयंतभाईंनी अजून फाडला नव्हता.

पुढच्या महिन्यात, पगाराच्या आधीच्या रविवारी सकाळी मामा माझ्या घरी आला. उंच, वाकलेला माणूस. लूमच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तो घरातही मोठ्यानं बोले. आम्ही दोघं खानदेशचे म्हटल्यावर तो अहिराणीतच बोलला.

"भाऊ, मनी पोरनं नाव लागनं नर्सिंगमा," तो म्हणाला.

"वा! पेढे कुठे आहेत?"

"पेढा कसाना! कर्ज भेटनार नही. संस्थावाला म्हनतस, भाचीना खाताले तुमनी सही शे, ती मोकळी व्हवाशिवाय दुसरी चालाव नही. फी भराले पंधरा दिन शेतस."

"दुसरा कुणी जामीन?"

"कोन येई? गरीबले जामीन गरीबच भेटस." मग म्हणाला, "मनी एकच सही शे भाऊ, तीबी गहाण पडेल शे."

तो चहा पिऊन गेला. त्यानं मला काहीच मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर मी नियम सांगितला असता आणि मोकळा झालो असतो. न मागता गेला म्हणून पंचाईत झाली.

सोमवारी पगारपत्रक करायला बसलो. सुनंदाच्या नावापुढे आलो. सदतिसावा हप्ता. रकाना रिकामा, पेन हातात. तेवढ्यात तीच आली.

"काका, मला तुमच्याकडून पैसे नकोत, सूटही नको. फक्त एक ओळ लिहून द्या. छत्तीस हप्ते कापले आणि त्यातले शेवटचे तीन अजून मिलकडेच आहेत. एवढंच. खोटं काही लिहू नका."

खोटं लिहायला सांगितलं असतं तर सोपं होतं. मिलमध्ये खोटं मी रोज लिहीत होतो. इन्स्पेक्टर येणार असला की हजेरीचं वेगळं पुस्तक निघे, तेही माझ्याच अक्षरात. पण हे खरं होतं. मिलच्या कागदावर, मिलच्या शिक्क्यानं, कामगारांचे पैसे मिलनं दाबून ठेवलेत असं लिहायचं. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. दोन मुलं शिकत होती. पांडेसऱ्याचं भाड्याचं घर. पगारपत्रक करण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं, आणि ते करणारे सुरतेत पैशाला पासरी.

"उद्या ये," मी म्हणालो.

उद्या आली. मी म्हणालो, "परवा ये." मला मधुकरला परत पाठवायची सवय होती, पण मधुकर मान खाली घालून जायचा. ही समोर उभी राहून माझ्याकडे बघायची. तुकड्यात पिवळा कुठे जास्त झाला ते बघायची ना, तशीच.

तिसऱ्या दिवशी मी लिहून दिलं. एक ओळ म्हणाली होती, दोन झाल्या. दुसऱ्या ओळीत मी लिहिलं की हप्त्यांना झालेल्या उशिराशी कर्मचाऱ्याचा संबंध नाही. शिक्का मारला. पगारपत्रकात तिच्या कर्जाच्या रकान्यात शून्य टाकलं. त्या शून्याला कसलाही कागद जोडलेला नव्हता. माझ्या उभ्या नोकरीत तसं पहिल्यांदा झालं. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "ताटात भाजी तशीच का?" मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय." तिनं दुसऱ्या दिवशी भाजी अळणी केली.

पुढचं सगळं सुनंदानंच मला नंतर सांगितलं. अर्धा दिवस रजा टाकून ती संस्थेत गेली. व्यवस्थापकांनी माझा कागद दोनदा वाचला.

"म्हणजे तुमचे हप्ते तुम्ही वेळेवर दिलेत?"

"दिलेत. पावत्या आहेत."

"आणि दंड आम्ही तुमच्याकडून धरत होतो."

"हो."

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, फक्त वहीत दिसेल तेवढंच त्याला दिसत असे. दंड त्यानं तिच्या नावावरून काढला, मिलच्या नावावर टाकला. पण नऊशेची बाकी वहीत उभी होती. "मिलचा चेक येईपर्यंत खातं बंद होत नाही," तो म्हणाला.

सुनंदानं पर्समधून नऊशे रुपये काढून काउंटरवर ठेवले. दिवाळीसाठी साठवलेले.

"अहो, पण हे तुमच्या पगारातून कापलेले आहेत ना? मग पुन्हा का भरता?"

"मिलकडून मी घेईन. तुम्ही दाखला द्या."

जास्त भरायला लागू नये म्हणून सहा महिने भांडलेली मुलगी शेवटी तीन हप्ते जास्तीचे भरून आली. पण दाखला घेऊन आली. मामाची सही त्या दुपारी मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी ती जयंतभाईंपुढे उभी होती. "माझे नऊशे रुपये परत द्या."

जयंतभाईंनी पगारपत्रकाचे रकाने बोटानं चाळले. मग अतिशय प्रामाणिकपणे म्हणाले, "बेन, पाछा आपवानी सिस्टम नथी."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे पैसे कापायला नऊ रकाने होते, परत द्यायला एकही नव्हता. पण तेवढ्यात संस्थेच्या शिपायाबरोबर पत्र आलं. दंडाचे तीनशे तीस रुपये भरा, आणि यापुढे कपातीचे पैसे वेळेवर आले नाहीत तर लेबर ऑफिसला कळवू. सोबत माझ्या दोन ओळींची नक्कल.

शेठनं पत्र वाचलं. शेठ तसा हिशेबी माणूस. लेबर ऑफिसचा माणूस मिलमध्ये आला तर तो शिक्षणाच्या कर्जावर थांबणार नाही, हजेरीची दोन्ही पुस्तकं बघेल, हे त्याला जयंतभाईंच्या आधी कळलं. अर्ध्या तासात सुनंदाला नऊशे रुपये रोख मिळाले. त्याच दिवशी संस्थेचा चेक निघाला, आणि त्यानंतर दर महिन्याला निघू लागला. चेकबुकाची पानं जास्त गेली, पण मिल काही बुडाली नाही.

मग शेठनं मला बोलावलं.

"आ अक्षर तमारुं छे?"

"हो."

"अक्षर सारुं छे," शेठ म्हणाला.

अक्षर चांगलं म्हणाला, आणि पुढच्या सोमवारपासून माझी बदली गेटवरच्या टाइम ऑफिसात झाली. लोक आत येताना कार्ड पंच करतात की नाही ते बघायचं. पगारवाढ त्या वर्षी नाही. धुळीत आणि बॉयलरच्या राखेत मी चौदा महिने बसलो. जयंतभाई येता-जाता म्हणायचे, "केम भाई, हवा सारी छे?" नव्या माणसाला पगारपत्रकाची बेरीज जमेना आणि कामगार बोंबलायला लागले, तेव्हा मला पुन्हा आत घेतलं. माझ्या सत्याला कुणी मानलं म्हणून नाही, बेरजेला मानलं म्हणून.

गेटवर असताना एकदा मधुकर कार्ड पंच करायला आला. जरा घुटमळला.

"भाऊ, ऐकलं ते खरं? पोरीला लिहून दिलंत?"

"दिलं."

"मला का नाही दिलंत?"

मागून रांग लागली होती, शिटी वाजत होती. मी म्हणालो, "तू मागितलं नाहीस."

"मी नऊ महिने येत होतो, भाऊ. लिहून मागायचं असतं हे मला कुठं ठाऊक?"

तो आत गेला. त्याला त्या मिनिटाची उशिराची खूण पडली असती, ती मी पडू दिली नाही. चौदाशे चाळीस रुपयांपुढे माझी भरपाई ती एवढीच.

मामानं सांगितलेले फीचे पंधरा दिवस संपायच्या आत, मी गेटवर नवा असतानाच, एका शनिवारी मामा, त्याची मुलगी, सुनंदा आणि मी असे चौघं संस्थेत गेलो. मला न्यायचं कारण असं की नर्सिंगच्या कर्जाला दोन जामीन लागत होते, आणि पगारवाढ थांबलेला का होईना, मी पगारदार होतो. मामानं आपली मोकळी झालेली सही सावकाश, जीभ दातांत धरून केली. मीही केली.

व्यवस्थापकांनी कागद जमवले आणि सवयीनं दुसरा फॉर्म पुढे सरकवला. "परतफेड पगारातून कपात करून. पुढे नोकरी लागली की इथं हॉस्पिटलचं नाव घालू. आत्ता मुलीनं फक्त खाली सही करायची."

मामाच्या पोरीनं पेन उचललं. सुनंदानं तिचा हात धरला.

"कपात नको. नोकरी लागली की दर महिन्याला ही स्वतः येऊन भरेल, हातोहात पावती घेईल. छत्तीस झाले की त्याच दिवशी दाखला."

व्यवस्थापकांनी खण उघडला, बंद केला, कपाट पाहिलं. मग चष्मा काढला.

"ताई, तसं भरायला हरकत नाही. पण त्याचा फॉर्मच नाही आपल्याकडे."

सुनंदानं त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद घेतला, माझ्यापुढे ठेवला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"काका, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मामा शेजारी उभा राहून प्रत्येक ओळीला लूमच्या आवाजात विचारत होता, "काय लिखं?" आणि आम्ही त्याला वाचून दाखवत होतो. संस्थेतली सगळी माणसं ऐकत होती. लिहून झाल्यावर व्यवस्थापकांनी तो कागद उलटसुलट पाहिला, शिक्का शाईवर दाबला आणि मारला. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "याच्या पन्नास झेरॉक्स काढून आण."

बाहेर आल्यावर मामानं चौघांना पेढे घेतले.